वाडा, रंगपंचमी आणि फॉल-पिकोवाल्या काकू: हलकीफुलकी रहस्य कादंबरी कशी बांधावी

हलक्याफुलक्या रहस्य कादंबरीचा नायक पोलीस नसतो, खासगी गुप्तहेरही नसतो. असते ती गल्लीतलीच एखादी बाई किंवा निवृत्त मास्तर. त्यांना चौकशा करायची खोड असते आणि त्यांच्यापाशी लोक आपणहून बोलतात. वाचक अशी पुस्तकं एका बैठकीत संपवतो, ती रक्त पाहायला नव्हे. गल्ली ओळखीची, माणसं ओळखीची, त्यांतलंच कुणीतरी खोटं बोलतंय आणि जरा लक्ष दिलं असतं तर ते आपल्याही ध्यानात आलं असतं, ही चुटपुट त्याला हवी असते.

म्हणून सगळी मेहनत सुगाव्यावर करायची. सुगावा वाचकाच्या घरातला हवा. प्रयोगशाळेच्या अहवालाने किंवा कुठल्या तरी परदेशी विषाच्या माहितीने रहस्य सुटलं, की वाचक म्हणतो, "हे मला कसं कळणार होतं?" आणि तुमचं पुढचं पुस्तक तो उचलत नाही.

पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी ही पद्धत आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक कथानक शेवटपर्यंत धरलं आहे: जुन्या नाशकातला वाडा, रंगपंचमीची दुपार, जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेले वाड्याचे मालक नाना आणि ओसरीवर फॉल-पिको करणाऱ्या मंदाकाकू.

पहिलं पान सगळ्यात शेवटचं

कादंबरीला हात घालण्याआधी खरं काय घडलं ते एका पानात, सरळ क्रमाने लिहून काढा. कुणी, का, कधी, कसं, नंतर काय लपवलं आणि लपवताना कोणती चूक केली. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुस्तक त्या चुकीवरच उभं राहतं. "लिहिता लिहिता खुनी ठरवू" म्हणणाऱ्यांचं पुस्तक बहुधा बाराव्या प्रकरणाच्या आसपास अडतं. तोवर प्रत्येक पात्र थोडंथोडं संशयास्पद झालेलं असतं आणि एकाचंही वागणं शेवटाशी जुळत नाही.

आपलं पान असं: नाना अविवाहित, भाऊ-बहीण हयात नाहीत. मागे पुतण्या विलास आणि भाची शर्मिला. नानांनी नवं मृत्युपत्र करून वाडा दुसऱ्याच कुणाला तरी दिला होता. शर्मिला ते मृत्युपत्र असलेला पत्र्याचा डबा न्यायला मागच्या बोळातून आली, जिन्यावर नानांशी झटापट झाली, नाना पडले. ती डबा घेऊन निघाली आणि दूरच्या चौकात जाऊन रंग खेळली, म्हणजे दिवसभर तिथेच होतो असं सांगता यावं. चूक झाली ती साडीच्या काठाशी. तिच्याकडे नंतर येऊ.

शोध घेणारीचा धंदा आधी ठरवा, स्वभाव मागून

नवे लेखक नायिकेला आधी विक्षिप्त सवयी देतात. त्याआधी तिला लोकांच्या घरात शिरायचं निमित्त द्या. निमित्त नसलं, तर दर प्रकरणात ती कुणाच्या तरी दारात उभी राहून पोलिसासारखे प्रश्न विचारते आणि समोरचा का उत्तर देतोय हेच वाचकाला पटत नाही. फॉल-पिकोवाली, पोळ्या करून देणारी, भिशी चालवणारी, वाचनालयातला देवघेव करणारा, सोसायटीचा हिशेबनीस यांच्याकडे माणसं स्वतः येतात, टेकतात आणि बोलतात.

धंद्याच्या तीन कसोट्या. त्यातून रोज निदान पाच-सहा वेगवेगळी माणसं भेटावीत. हातात लोकांच्या वस्तू याव्यात. आणि त्या धंद्याला एक असं बारीक ज्ञान असावं, जे वाचकाला अर्धवट ठाऊक असतं. तिसरी कसोटी बहुतेकांची हुकते. मंदाकाकूंना ठाऊक आहे, की फॉल (साडीच्या खालच्या काठाला आतून शिवतात ती पट्टी) बहुधा सुती असतो, तो लावण्याआधी भिजवून वाळवावा लागतो, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीचा काठ आखडतो. सुती कापड रंग धरून बसतं, सिंथेटिक जॉर्जेट सहसा धरत नाही. साडी नेसणाऱ्या कुणालाही हे सांगितलं तर "हो की" म्हणेल, पण खुनाशी त्याचा संबंध लावणार नाही.

संशयित पाच, नावं पाच वेगळ्या अक्षरांची

तीन संशयित असले तर वाचक नुसत्या अंदाजाने बरोबर ठरतो. सात झाले की त्याला मागची पानं चाळावी लागतात. पाच पुरे. विलास, शर्मिला, पागडीवर राहणारे जोशी मास्तर, बिल्डरचा माणूस राकेश आणि नानांचे पत्ते खेळणारे मित्र गणपतराव. प्रत्येकाचं नाव निराळ्या अक्षराने सुरू होतं. सुनील, सुरेश, सुधाकर अशी नावं ठेवलीत तर वाचक ती एकमेकांत मिसळणारच, दोष त्याचा नाही. नात्याच्या हाकांचंही तसंच. वाड्यात तीन "काका" असू शकतात, कादंबरीत एकच ठेवा.

प्रत्येकाला एक खरं गुपित द्या, पण खुनाचं गुपित एकाचंच. विलासने नानांच्या खोलीचं कुलूप फोडलं, कारण त्याने गहाण ठेवलेल्या बांगड्यांची पावती तिथे होती. मास्तर त्या दुपारी घरी नव्हते, कारण ते चोरून बिल्डरला भेटायला गेले होते. चकवा म्हणतात तो हा. चकव्यालाही स्वतःचं खरं उत्तर लागतं आणि ते पुस्तकात मिळावं लागतं. गणपतरावांच्या सदऱ्यावर डाग होता आणि तो कशाचा ते शेवटपर्यंत कळलंच नाही, असं झालं तर वाचक तेवढंच लक्षात ठेवतो.

दुपारचं वेळापत्रक

वहीचं आडवं पान घ्या. डावीकडे पंधरा-पंधरा मिनिटांची वेळ, वर पाच संशयित, नाना आणि काकू. प्रत्येक चौकटीत ते माणूस खरोखर कुठे होतं हे पेनाने आणि त्याने काय सांगितलं हे पेन्सिलने. जिथे दोन्ही जुळत नाही तिथे तुमची कथा आहे. शर्मिलाचा रकाना असा भरेल:

दीड वाजता ती वाड्यातून सगळ्यांदेखत बाहेर पडते. सव्वादोनला वाड्यासमोरच्या चौकातली रहाड (रंगाचा हौद) सुरू होते, ढोलाच्या आवाजात वरचं काही ऐकू येणं शक्य नाही. दोन चाळीसला ती मागच्या बोळातून आत. दोन पन्नासला जिना. तीन पाचला बाहेर पडते तेव्हा बोळातून रहाडीचं पाणी वाहतंय, काठ त्यात भिजतो. साडेतीनला खालच्या चौकात, अंगावर गुलाबी रंग, फोटो. चार वीसला काकू नानांना चहा द्यायला जातात.

यात कच्चा दुवा राहतो तो चालायच्या वेळेचा. ते अंतर स्वतः चालून बघा आणि रंगपंचमीच्या गर्दीसाठी त्याच्या दुप्पट वेळ धरा. नाशिकरोड स्टेशन जुन्या नाशकापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. "स्टेशनवरून दहा मिनिटांत वाड्यात आलो" असं पात्राने म्हटलं आणि ते खोटं म्हणून पकडलं गेलं नाही, तर नाशिकचा वाचक तुम्हालाच पकडेल.

सुगावा पेरणं

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. त्यातले काही आता गमतीचे वाटतात, पण दोन अजून पक्के आहेत. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच दिसला पाहिजे आणि शोध घेणाऱ्याला सापडलेला सुगावा वाचकालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे. दुसरा नियम पाळताना घाम फुटतो, कारण दाखवायचं आहे आणि लपवायचंही आहे.

त्यासाठी मुख्य सुगाव्याचे तुकडे करा. एकही तुकडा एकटा काही सांगत नाही.

पहिला तुकडा तिसऱ्या प्रकरणात: काकू एका गिऱ्हाइकाला सुती फॉल का भिजवायचा ते ऐकवतात, तेही गिऱ्हाईक घाई करतंय म्हणून चिडून. दुसरा चौथ्यात: रंगपंचमीचं वर्णन. नाशकात खरा रंग खेळतात तो रंगपंचमीला, धुळवडीला वीरांची मिरवणूक असते. रहाड म्हणजे जमिनीतला मोठा हौद. वर्षभर लाकडाचे ओंडके आणि माती टाकून बुजवलेला, रंगपंचमीला पूजा करून उघडायचा, त्यात लोक धप्पा मारतात, म्हणजे उडी घेतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आपल्या कथेत वाड्यासमोरची पिवळी, खालच्या चौकातली गुलाबी. (चौकाचं खरं नाव वापरणार असाल तर तिथला खरा रंग आधी विचारून घ्या. खऱ्या चौकाला चुकीचा रंग दिलात, तर नाशिककर पुढचं पान वाचणार नाही.) तिसरा तुकडा सहाव्यात: शर्मिला सांगते, "दीडला निघाले ती रात्री आठला आले, खालच्या चौकातून हललेसुद्धा नाही." चौथा नवव्यात, आणि तो असा:

"काकूंनी गठ्ठा सोडला. दोन साड्यांना पिको, एका पैठणीला नेट, शर्मिलाची मोतिया जॉर्जेट, जिचा फॉल हातभर उसवून आतून पिवळट पडलेला, आणि एक पडदा. पडदा उलगडता उलगडता ओसरी संपली. 'हा पडदा आहे की मांडव?' काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यात वर विलासने कुलपावर हातोडा घातला."

आता हा परिच्छेद कसा काम करतो ते पाहा. यादीत चार गोष्टी आहेत आणि सुगावा तिसरा. यादीतली पहिली आणि शेवटची गोष्ट लक्षात राहते, मधली निसटते. लगेच विनोद आहे, मग आवाज, म्हणजे वाचकाचं लक्ष दोनदा दुसरीकडे गेलं. "पिवळट" हा शब्द जुनाट कापडालाही चालतो, त्यामुळे तो वाचकाला खटकत नाही. पण पाचव्या प्रकरणात काकूंनीच म्हटलेलं असतं, की त्या साडीला फॉल लावून दीड महिनाही झाला नाही. नवा फॉल जुनाट कसा होईल? हा प्रश्न वाचकाला पडायला हवा होता. पडला नाही, तर ती तुमची कमाई.

साडी धुतली गेली, जॉर्जेटवरून रंग गेला, फॉलने धरून ठेवला. शर्मिलाने फॉल आतून कधी बघितलाच नाही, कारण कोण बघतं?

इथेच पळवाटा बुजवायच्या. "कुणीतरी पिवळा रंग उडवला असेल" असं शर्मिला म्हणू शकते. म्हणून डाग फक्त काठाच्या आतल्या बाजूला ठेवा, वरून उडवलेला रंग तिथे आधी पोचत नाही. "सकाळी चौकातून गेले होते" असंही म्हणेल. म्हणून रहाड सव्वादोनला उघडली हे दोघांच्या तोंडून येऊ द्या आणि रात्री आठच्या आत बोळ धुऊन झाला होता हे तिसऱ्याच्या. गुलाबी रंग तिच्या फक्त कमरेच्या वर होता, हे फोटोत दिसू द्या. प्रत्येक पळवाटेला एक वाक्य पुरतं, पण ते शेवटी घाईघाईने जोडू नका, आधीच पेरून ठेवा.

मुख्य सुगावे तीन असावेत, म्हणजे फॉलखेरीज आणखी दोन. प्रत्येक निदान दोन ठिकाणी दिसावा आणि शेवटचा तुकडा पुस्तकाच्या पाऊण भागापर्यंत येऊन गेलेला असावा.

"कोणीतरी आलं होतं"

मराठीत रहस्य लिहिणाऱ्यासमोर आणखी एक अडचण असते. "तो आला", "ती आली" म्हटलं की निम्मे संशयित गळाले. साक्षीदाराने सावली पाहिली असेल तर "जिन्यावरून कोणीतरी उतरलं" असं नपुंसकलिंगी ठेवा. "त्याने केलं" या वळणाचं वाक्य जास्त सोयीचं, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं: "कुणीतरी डबा उचलला", "कुणीतरी दार ओढून घेतलं". "ती व्यक्ती उतरली" हेही चालतं, पण पान-पानभर "ती व्यक्ती" लिहिलंत तर पोलीस जबाबाचा वास येतो आणि वाचकाच्या डोळ्यासमोर नकळत बाई उभी राहते. फोनवरचं कुजबुजणं असेल तर "बोलतोय", "बोलतेय" टाळून "थांबा जरा" यावर भागवा. संपूर्ण मसुदा झाला की गुन्हेगाराचा पडद्याआडचा प्रत्येक उल्लेख फक्त याच कारणासाठी एकदा वाचून काढा.

गावाचं ज्ञान कामाला लावा, शोभेला नको

मिसळ, चिवडा आणि गोदाघाटाचं वर्णन केलं म्हणजे कादंबरी नाशिकची होत नाही. गावाची एखादी गोष्ट पुराव्याचं काम करते तेव्हा होते. कथा श्रावणात ठेवलीत तर गोदावरीचा पूर वापरता येतो. पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढलं यावरून नाशिककर पूर सांगतात. मारुती छातीपर्यंत बुडाला होता त्या संध्याकाळी "रामकुंडावर बसलो होतो" म्हणणारा खोटारडा, हे गावाला लगेच कळेल, बाहेरून आलेल्या पोलिसाला कळणार नाही. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणारे पासधारक एकमेकांच्या जागा ओळखतात, तिथे एक दिवसाची गैरहजेरी लपत नाही. उलटही खरं: ऑगस्टमध्ये कुणाच्या दारात ताज्या द्राक्षांची पेटी ठेवलीत, तर ती चूक तुमची, कारण इथला द्राक्षांचा मुख्य हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल.

कागद आणि पोलीस

इथे कमी लिहायचं, पण अचूक.

गावठाणातल्या वाड्याचा सातबारा काढायला पात्र पाठवू नका. शहरातल्या अशा मिळकतीला नगर भूमापनाची मिळकत पत्रिका असते, बोलण्यात प्रॉपर्टी कार्ड. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. आपल्याला हेच सोयीचं आहे: मृत्युपत्र नोंदवलेलं असतं तर दुय्यम निबंधकाकडे नोंद राहिली असती आणि डबा चोरण्यात अर्थ नव्हता. पण दोन साक्षीदार आहेत, म्हणजे मृत्युपत्र होतं हे ठाऊक असलेली दोन माणसं गावात फिरताहेत. त्यातले एक गणपतराव. ते बाराव्या प्रकरणापर्यंत का बोलत नाहीत, याचं कारण मात्र शोधून ठेवा.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने भावाचा मुलगा आणि बहिणीची मुलगी एकाच पायरीवर येतात, म्हणजे जवळचं दुसरं कुणी नसेल तर विलास आणि शर्मिला निम्मे-निम्मे. दोघांनाही सारखाच हेतू मिळाला. शिवाय खून करणाऱ्याला मयताचा वारसा मिळत नाही. म्हणून शर्मिला दोषी ठरली तर फायदा विलासचा, आणि शेवटच्या तीस पानांत त्याच्यावर पुन्हा संशय आणायला हे पुरेसं आहे.

शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक. ही गल्लत खूप जण करतात. अशा मृत्यूची आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदनाला सिव्हिलमध्ये नेतात. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला नवे कायदे लागू आहेत, त्यामुळे खुनाचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं १०३. जोशी मास्तर सवयीने "तीनशे दोन" म्हणतील तर म्हणू द्या, फौजदाराच्या तोंडी ते नको.

फौजदाराला मूर्ख करू नका. त्याच्यापाशी वेळ कमी आणि काकूंपाशी गिऱ्हाइकं जास्त, एवढाच फरक पुरतो.

प्रकरणांची आखणी

पहिल्या पुस्तकाला चोवीस प्रकरणं, प्रत्येकी साधारण १,८०० शब्द, म्हणजे त्रेचाळीस हजारांच्या आसपास. नाना पहिल्या दोन प्रकरणांत जिवंत दिसावेत. न पाहिलेल्या माणसाच्या मरणाचं वाचकाला काही वाटत नाही. तिसऱ्याच्या शेवटी मृत्यू. आठव्यापर्यंत सगळे अपघातच मानतात. बाराव्यात मृत्युपत्राची गोष्ट फुटते. सोळाव्यात काकूंचा ठाम अंदाज साफ चुकतो, आणि त्या चुकीची किंमत कुणाला तरी मोजावी लागते (मास्तरांचं बिंग फुटतं, बायको माहेरी जाते). अठराव्यापर्यंत शेवटचा तुकडा. बाविसाव्यात उलगडा, मग दोन प्रकरणं वाड्याचं पुढे काय झालं याची. ही शेवटची दोन गाळू नका. वाचक या प्रकारच्या पुस्तकाकडे ज्या दिलाशासाठी येतो तो तिथे असतो.

विनोदाचा एकच नियम: मयतावर आणि दुःखावर नाही. काकूंच्या फटकळपणावर, मास्तरांच्या कंजुषीवर हवा तितका. प्रेत सापडल्यानंतरची दोन पानं विनोद पूर्ण बंद ठेवा, नाहीतर पुढचा विनोदही कडवट लागतो.

उलगडा

सगळ्यांना ओसरीवर जमवून काकूंनी बोलावं, ही जुनी चाल अजून चालते. फक्त फौजदाराला आधीच खुर्चीत बसवून त्याच्यासमोर गुन्हेगाराकडून कबुली देववू नका. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मुळे आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पण ताब्यातल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर त्या माहितीतला तेवढा भाग चालतो. म्हणून शर्मिलाने डबा जाळलेला नसावा, लपवलेला असावा. का नाही जाळला? त्यात नानांच्या आईची मोहनमाळ होती, आणि तेवढं सोडवेना. साडीसुद्धा काकूंनी उसवून दाखवायची नाही. ती आहे तशी पोलिसांच्या हवाली करायची, जप्ती पंचनाम्यात फॉलसकट.

काकूंचं बोलणं चार पानांत आटपावं. त्याहून लांबलं तर समजा, की सुगावे आधी पेरायचे राहून गेलेत आणि आता सांगावे लागताहेत.

परीक्षा

मसुदा झाला की चार वाचक धरा. त्यातला एक तरी या धंद्यातला, म्हणजे इथे फॉल-पिको करणारी. एक नाशिकबाहेरचा. बाकीचे दोन सार्वजनिक वाचनालयात, आपल्या "सावाना"त, रहस्यकथांच्या कपाटासमोर हमखास भेटतील. त्यांना अठराव्या प्रकरणाच्या शेवटी थांबवा आणि संशय कुणावर व का, एवढं दोन ओळींत लिहून घ्या.

चौघांनीही शर्मिला लिहिलं आणि कारण फॉल दिलं, तर नवव्या प्रकरणातली यादी लांबवा किंवा सहाव्यातलं तिचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आणा. चौघांनी शर्मिला लिहिलं पण कारण "तीच वाईट वाटते" असं दिलं, तर दोष सुगाव्यात नाही, तिच्या चित्रणात आहे; तिला एखादा मायेचा प्रसंग द्या. एकालाही ती सुचली नाही तर खुश होऊ नका. पूर्ण पुस्तक वाचून झाल्यावर "अरे, फॉल तर दिसला होता" असं निदान दोघे म्हणाले पाहिजेत. नाही म्हणाले तर रहाडींचे रंग पुन्हा एकदा, अकराव्या प्रकरणाच्या आसपास, कुणाच्या तरी भांडणात येऊ द्या. आणि फॉल-पिकोवालीने "नेट लावायचे पैसे एवढे कमी कुठे असतात?" असं विचारलं, तर तो भाव आधी दुरुस्त करा.